शिक्षा भोगून झाल्यावर

अमेरिकेत एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते अशा गुन्ह्याला साधारणपणे 'फेलनी' म्हणतात. त्यात खून येतो, तशी अनेक राज्यांत अमली पदार्थ बाळगण्याची काही प्रकरणेही येतात. न्यायाधीश सुनावतात त्या शिक्षेला बहुतेक वेळा मुदत असते. पण फेलनी सिद्ध झाली की आणखी काही बंधने आपोआप लागू होतात. बंदूक बाळगता येत नाही, बऱ्याच ठिकाणी ज्युरीत बसता येत नाही, कित्येक धंद्यांचे परवाने मिळत नाहीत. ग्रीन कार्डावर राहणाऱ्याला, मग तो पुण्या-मुंबईहून गेलेला का असेना, काही गुन्ह्यांसाठी देशाबाहेर काढले जाते.

आरोपीला हे सगळे आधी कळते का? नव्वद टक्क्यांहून अधिक दोषसिद्धी खटला न चालताच, कबुलीच्या तडजोडीतून होते. कबुली देणारा तुरुंगाची वर्षे मोजतो; पुढे काय काय हातचे जाणार, हे त्याला बहुधा सुटल्यावर कळते. हद्दपारीचा धोका तरी वकिलाने सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले तेही २०१० साली.

मताधिकाराचे काय होते ते फ्लोरिडात पाहावे. गुन्ह्यासाठी मताधिकार काढून घेणे घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत बसते, असा निकाल १९७४ साली लागला होता. फ्लोरिडात मताधिकार जन्मभरासाठी जाई. परत हवा असेल तर गव्हर्नर आणि त्यांच्या मंत्रिमंडळापुढे अर्ज करायचा, त्यासाठीही आधी काही वर्षे थांबायचे, आणि देणे न देणे सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याच्या मतदारांनीच हे बदलले. ६४ टक्क्यांहून अधिक मतांनी राज्याच्या घटनेतली दुरुस्ती मंजूर झाली: खून आणि लैंगिक गुन्हे वगळता, शिक्षा पूर्ण झाली की मत परत. सुमारे १४ लाख लोकांना त्याचा लाभ होईल असा अंदाज होता.

मग 'पूर्ण' कशाला म्हणायचे यावर घोडे अडले. २०१९ च्या कायद्याने दंड, नुकसानभरपाई आणि कोर्टाचे शुल्कही त्यात धरले. कोर्टाच्या कचेऱ्यांचा बराचसा खर्च अशा शुल्कांतूनच भागतो, म्हणजे गरिबाच्या खटल्यावरही ते चढतेच. राज्यात ६७ काउंट्या आहेत आणि कोणाकडे किती बाकी आहे हे एका जागी सांगणारी नोंद नव्हती. जुन्या प्रकरणांत तर आकडा सापडणेच कठीण. संघीय न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी मे २०२० मध्ये या कायद्याचा मोठा भाग घटनाबाह्य ठरवला. सप्टेंबरात अपील न्यायालयाने सहा विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. २०२२ मध्ये राज्याने, घटनादुरुस्तीतून वगळलेल्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या काहींना बेकायदा मतदानासाठी अटक केली. त्यांतल्या अनेकांना आधी रीतसर मतदार कार्ड मिळालेले होते. कोण पात्र हे सरकारी यंत्रणेलाच ओळखता आले नाही, आणि बेड्या मात्र मतदाराच्या हातात पडल्या, हे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते.

भारतातही कैद्याला मत नाही, पण सुटका झाली की ते परत मिळते. निवडणूक लढवण्यावर जी बंदी येते ती साधारणपणे दोन वर्षे वा जास्त शिक्षा झालेल्यांवर, आणि सुटकेनंतर सहा वर्षे टिकते. बंधनाला शेवट असावा, आणि त्याचा गुन्ह्याशी संबंधही असावा. मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेत नोकरी न देणे मला पटते. कोर्टाचे शुल्क भरले नाही म्हणून मत नाकारणे पटत नाही. मेन आणि व्हरमाँट या राज्यांत तर कैदी तुरुंगातूनही मतदान करतात.