'द चिल्ड्रन्स अवर' : आरोपाचे मूळ

लिलियन हेलमन यांच्या 'द चिल्ड्रन्स अवर' (१९३४) या नाटकाची चर्चा बहुधा त्यातील निषिद्ध विषयाच्या अंगाने होते. न्यू यॉर्कमध्ये ६९१ प्रयोग झालेल्या या नाटकाला बोस्टन व शिकागो येथे बंदी झाली, लंडनमध्ये परवाना मिळाला नाही, हे सर्वश्रुत आहे. भारतीय अभ्यासकाला मात्र संहितेत जे आले नाही त्याचाही विचार करावा लागतो.

कॅरन राइट आणि मार्था डोबी या दोन मैत्रिणी मुलींची निवासी शाळा चालवितात. शिक्षा झालेली मेरी टिलफर्ड आजीकडे पळून जाते आणि दोघींच्या संबंधांविषयी तिच्या कानात काही सांगते. ते शब्द प्रेक्षकाला ऐकू येत नाहीत. एका दिवसात शाळा ओस पडते.

या कथेचे मूळ एडिंबरो येथील १८१० च्या घटनेत आहे. विल्यम रफहेड यांच्या लेखातून ती हेलमन यांच्यापर्यंत पोहोचली. मेरियन वुड्स व जेन पिरी या शिक्षिकांवर असाच आरोप करणारी विद्यार्थिनी जेन कमिंग ही लेडी कमिंग गॉर्डन यांची नात होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील त्यांच्या मुलाला एका हिंदी स्त्रीपासून झालेली ही मुलगी हिंदुस्थानातून स्कॉटलंडला आणलेली होती. शिक्षिकांनी लेडी कमिंग गॉर्डनवर बदनामीचा दावा लावला. कोवळ्या मुलीला असे काही सुचलेच कसे, हा न्यायालयापुढील खरा पेच होता, आणि काही न्यायाधीशांनी तो फार सोयीस्कर रीतीने सोडविला : हे ज्ञान तिला हिंदुस्थानातील दायांकडून मिळाले असावे! स्कॉटलंडच्या स्त्रियांचे शील अशा प्रकारे हिंदुस्थानच्या माथी दोष मारून सुरक्षित राहिले. १८११ मध्ये शिक्षिका ४ विरुद्ध ३ मतांनी हरल्या, १८१२ मध्ये तितक्याच निसटत्या मताधिक्याने जिंकल्या. १८१९ मध्ये उमरावांच्या सभेने हाच निकाल कायम केला.

हेलमन यांनी कथा अमेरिकेत नेली, तेव्हा जेनची ही पार्श्वभूमी गळाली. प्रश्न मात्र उरलाच, आणि त्याच्या उत्तरादाखल त्यांनी गोत्येची 'मादमोआझेल द मोपँ' ही फ्रेंच कादंबरी योजली. शाळेतील मुली ती चोरून वाचतात. पाप बाहेरून येते ही समजूत तशीच राहिली, फक्त देश बदलला. तथापि या बदलातून नाट्यदृष्ट्या मोठा लाभ झाला. मेरी आता परकी राहिली नाही. ती गावातील सर्वांत प्रतिष्ठित घरची मुलगी झाली, आणि तिच्यावर विश्वास ठेवला जातो तो त्या घराण्याच्या वजनामुळे.

किल्लीच्या छिद्राचा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. एडिंबरोच्या खटल्यात मोलकरणीने ज्या छिद्रातून पाहिल्याचे सांगितले, ते तेथे नसल्याचे उघड झाले. नाटकातही कॅरनच्या दाराला छिद्र नाही. खोटे जवळजवळ उघडे पडते. मेरी तत्काळ रोझली या मुलीला पुढे करते. रोझलीने चोरलेले कडे मेरीला ठाऊक असल्याने भेदरलेली ती मुलगी होकार देते. एका क्षुल्लक चोरीवर दोन स्त्रियांचे आयुष्य टांगले जाते, ही रचना हेलमन यांच्या कौशल्याची साक्ष आहे.

तिसरा अंक त्या मानाने सैल आहे, असे म्हणावे लागते. मार्थाला स्वतःच्या मनात कॅरनविषयी तसे आकर्षण असल्याची जाणीव होते, ती आत्महत्या करते, आणि त्यानंतर सत्य कळलेली आजी क्षमा मागावयास येते. १९३६ च्या चित्रपटासाठी हेलमन यांनीच आरोप बदलून तो मार्था व कॅरनचा वाग्दत्त पती यांच्यावर आणला. तरीही कथा चालली. जेन कमिंग मात्र १९८३ मध्ये लिलियन फेडरमन यांनी 'स्कॉच व्हर्डिक्ट' या ग्रंथात तो खटला सविस्तर मांडला, तेव्हाच पुन्हा चर्चेत आली.