सह्याद्रीचं पीस, स्कॉटलंडचा मासा

गुशैणीतल्या ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तिथल्या ओसरीवरच्या फळीत एक जुनी पत्र्याची डबी होती. आत बुचाचा पत्रा डकवलेला आणि त्यात ओळीनं टोचून ठेवलेल्या तीसेक माश्या. खऱ्या नव्हेत, गळावर दोरा, लोकर आणि पिसं गुंडाळून बनवलेल्या. निम्म्यांना कसर लागली होती. पण एकीच्या गालावर पिवळसर पांढरा ठिपका अजून चकाकत होता, मेणाचा थेंब पडून वाळावा तसा. हे पीस माझ्या ओळखीचं होतं. भीमाशंकरच्या रानात एकदा पायवाटेवर असंच सापडलं होतं, आणि पुस्तकात कितीतरी दिवस खूण म्हणून राहिलं होतं. राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस!

हिमाचलातल्या कुल्लू जिल्ह्यात, गुशैणीजवळच्या तीर्थन नदीवर मी ट्राउट मासे धरायला शिकायला गेलो होतो. सह्याद्रीतला रानकोंबडा तिथे भेटेल अशी कल्पना नव्हती.

माशीने मासा धरायचा हा खेळ जुना आहे. (मराठीत त्यावर लिहिताना ‘माशाला’ आणि ‘माशीला’ यांत गल्लत होऊ नये म्हणून फार जपावं लागतं.) तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला एलियन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या कोळ्यांची युक्ती नोंदवून ठेवली आहे. गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि वर कोंबड्याच्या मानेची दोन पिसं बांधायची. अठराशे वर्षांत गळ सुधारले, दोरे बदलले, पण कोंबड्याची मान काही सुटली नाही. मानेचं पीस ताठ असतं. ते गळाभोवती फिरवलं की त्याचे केस चहूकडे उभे राहतात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर माशी पायांवर उभी असल्यासारखी तरंगते.

राखी रानकोंबड्याचा उपयोग वेगळा. पिसावरचे ते चकचकीत ठिपके माशीच्या दोन बाजूंना बसवले की डोळ्यांसारखे दिसतात. ब्रिटनमध्ये सामन आणि ट्राउट माशांसाठी माश्या बांधणाऱ्यांना या ठिपक्यांचं वेड लागलं आणि पश्चिम घाट आणि दक्षिण भारतातल्या रानकोंबड्यांच्या मानांची कातडी बोटींनी तिकडे जाऊ लागली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्याला संरक्षण दिलं. आता परदेशात पिंजऱ्यात पैदास केलेल्या कोंबड्यांची पिसं वापरतात, नाहीतर प्लास्टिकची नक्कल. मासे धरायच्या काठीचा मालही असाच इथून जाई. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या सहा चिपा तासून, एकमेकींना चिकटवून षटकोनी काठी करत, आणि सुरुवातीला त्यासाठी ‘कलकत्ता’ नावाने ओळखला जाणारा भारतीय बांबू जात असे. बांबू आपला, पीस आपलं. मासा तेवढा त्यांचा होता. मग तोही इकडे आला.

तो येणं सोपं नव्हतं. ब्राउन ट्राउटला थंड पाणी लागतं. दहा ते सोळा अंशांत तो खुशीत असतो, विशीच्या आसपास खाणं टाकतो आणि पंचविशीला जीव जायची पाळी येते. याचं निम्मं कारण प्राणवायू. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, पंचवीस अंशांच्या पाण्यात जेमतेम ८. महाबळेश्वर कितीही उंचावर असलं तरी आपल्या नद्यांना बर्फाचा आधार नाही, आणि फेब्रुवारीनंतर डोहांतलं पाणी कोमट होतं. म्हणून सह्याद्रीत ट्राउट नाही. निलगिरीच्या माथ्यावर मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेनबो ट्राउट रुजवला गेला.

काश्मीरची कथा श्रीनगरच्या एका गालिच्यांच्या कारखानदाराची आहे. फ्रँक मिचेल त्याचं नाव. ड्यूक ऑफ बेडफर्डने भेट दिलेली दहा हजार अंडी १८९९ मध्ये निघाली आणि वाटेतच मेली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडहून दुसरी खेप आली, ती जगली. ही अंडी पाठवायचीही एक वेळ असते. फलन झाल्यावर काही आठवड्यांनी अंड्याच्या पारदर्शक कवचाआड डोळ्याचे दोन काळे ठिपके दिसू लागतात. त्या अवस्थेतलं अंडं बऱ्यापैकी धक्के सोसतं, आणि गारव्यात त्याची वाढ मंदावते. पाणी दहा अंश असेल तर अंडी फुटायला साधारण दीड महिना लागतो, पाच अंश असेल तर तीन महिने. बर्फ आणि ओलं शेवाळ यांच्या जोरावर हा वेळ लांबवत नेणं, एवढीच काय ती युक्ती. श्रीनगरजवळ मिचेलने अंडी उबवली, काश्मीरचे ओढे भरले, आणि तिथूनच १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कुल्लूत बियास खोऱ्यासाठी बीज नेलं. कटराईंजवळ महिली इथे उबवणी केंद्र निघालं. तीर्थनमधला आजचा मासा या वंशावळीतला.

हिमाचलच्या ढाब्यांवर ‘ट्राउट’ म्हणून ताटात येतो तो मासा वेगळा, तळ्यात वाढवलेला रेनबो. पतलीकुहलला नॉर्वेच्या तांत्रिक मदतीने ती शेती उभी राहिली. नदीत आपली आपण अंडी घालून वंश चालवतो तो प्रामुख्याने ब्राउन. पोट लोण्यासारखं पिवळं आणि अंगावर लाल-काळे ठिपके, त्यांतल्या लाल ठिपक्यांना फिकट कडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते, कारण तेव्हा मादी शेपटीने गोटे उकरून त्या खळग्यात अंडी घालते. बाकीच्या दिवसांत मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो.

मला शिकवणारा पोरगा जेमतेम पंचविशीचा. पहिल्या सकाळी त्याने काठीला हातच लावू दिला नाही. गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि एक गोटा उलटा करून दाखवला. खाली दोन शेपट्यांचा एक चपटा किडा सरपटत होता, शेजारी तीन शेपट्यांचा नाजूक, आणि गोट्याला चिकटलेली वाळूच्या कणांची एक नळी. नळीत कॅडिसची अळी होती. आपल्या लाळेच्या धाग्याने ती कण शिवून घर करते. तीन शेपट्यांची मेफ्लाय पाण्याखाली वर्षभर राहते, मग एका संध्याकाळी वर येते, तिला पंख फुटतात आणि तास-दोन तास ते फार तर एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात मीलन, अंडी, मरण. तिला खाता येत नाही, तोंडच कामाचं नसतं. ट्राउटचा जेवणाचा दिवस तो! “जो इसको दिखेगा, वही खाएगा, साब,” पोरगा म्हणाला. म्हणजे डबीतली माशी निवडायची ती आपल्या आवडीने निवडता येत नाही. आज नदीत काय उगवलंय, ते पाहून ठरवायची.

मग काठी. आपल्याकडच्या गळात टोकाला शिसं असतं, ते फेकलं की दोरी मागून येते. इथे टोकाच्या माशीचं वजन तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढं. ते फेकता येत नाही. म्हणून दोरीच जड करतात, आणि ती आसुडासारखी हवेत उलगडत नेतात. मागे जाऊ द्यायची, पूर्ण ताणली जाईपर्यंत थांबायचं, मग पुढे. सगळी मेख त्या थांबण्यात आहे. माझा पहिला तास मागच्या झाडाच्या फांद्यांवर गेला. चार माश्या तिथे अजून लटकत असतील.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, बहुतेकदा मोठ्या दगडाच्या आडोशाला. पंगतीत वाढपी ज्या बाजूने येतो त्या बाजूला पान सरकवून बसलेल्या माणसासारखा. भरधाव धार शेजारून जाते, ती अन्न आणते. त्याला स्वतःला मात्र जोर लावावा लागत नाही. म्हणून त्याच्या मागून, प्रवाहाच्या वरच्या दिशेने जायचं. वाकूनही जायचं, कारण पाण्याखालून त्याला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं. प्रकाश वाकत असल्यामुळे या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांत अडकतो आणि कडेला फार खाली असलेलं जवळजवळ दिसत नाही. गुडघ्यावर बसलेला माणूस त्याच्यापासून बऱ्यापैकी लपतो. उभा माणूस म्हणजे आकाशावर उमटलेला बगळा.

माशी पडली की पुढचं काम तिला मोकळं सोडण्याचं. मधली धार वेगळ्या वेगाने वाहते, ती दोरी ओढते, आणि माशीमागे पाण्यात बारीक रेघ उठते. खरा किडा असा ओढला जात नाही. ट्राउट ती रेघ पाहून तोंड फिरवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, दोरी वरच्या अंगाला पलटून टाकण्याची हातोटी जरा जमल्यावर, एका दगडामागून एक पिवळी चमक वर आली आणि पाणी फक्त ‘चुप्’ झालं. वीतभर मासा. उलटा दात नसलेला गळ, ओले हात, आणि सोडून दिला. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग रोग लागतो.

हा पाहुणा निरुपद्रवी नाही, हेही सांगितलं पाहिजे. जगातल्या सर्वाधिक उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत ब्राउन ट्राउटचं नाव आहे. हिमालयाचा मूळ मासा म्हणजे ‘असला’, दगडांवरचं शेवाळ खरवडून खाणारा. आज तो ‘असुरक्षित’ वर्गात आहे. ट्राउट किडे खातो, लहान मासे खातो, असल्याची पिल्लंही सोडत नाही. असल्याच्या ऱ्हासात धरणं, वाळू उपसा आणि रस्त्याच्या कामाचा दरीत ढकललेला राडारोडा यांचा वाटा त्याहून मोठा असेल. गाळाने गोट्यांमधल्या फटी बुजल्या की दोघांचीही अंडी गुदमरतात.

पण या गोष्टीला एक वाकडी कडा आहे. खाली लारजीला, जिथे तीर्थन बियासला मिळते, तिथे बियासवर १२६ मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. तीर्थनवर मात्र मोठं धरण नाही. खोऱ्यातले लोक छोट्या-मोठ्या वीजप्रकल्पांविरुद्ध कोर्टापर्यंत गेले, आणि ही ट्राउटसाठी राखलेली नदी आहे हा त्यांच्या हातातला एक भक्कम मुद्दा होता. साहेबाने हौसेसाठी आणलेल्या माशाच्या नावावर नदी वाहती राहिली, आणि तिच्यात असलाही राहिला. मला हे पचवायला वेळ लागला. नदीला याचं काही नसावं. जुलै २०२३च्या पुरात कुल्लूतल्या नद्यांनी आपली पात्रं पुन्हा कशी घेतली, ते तिथल्या दुभंगलेल्या काठांवर अजून दिसतं.

शेवटच्या संध्याकाळी मी ओढ्याच्या तोंडाशी पाण्याखालून जाणारी माशी टाकत होतो. ओढ बसली, पण जड, नाठाळ. ट्राउटसारखी उसळी नाही. जाळीत आला तो चंदेरी, बारीक खवल्यांचा, तोंड हनुवटीखाली गेलेलं, खालच्या ओठाला खरवडणीसारखी धार. पोरग्याचा चेहरा पडला. “असला है,” म्हणाला, आणि मला फोटोही न काढू देता सोडायला लावला.

घरी फोन लावला.

“मिळाला का मासा?”

“मिळाला.”

“कसला?”

“असला.”

“अहो, असला म्हणजे कसला?”

आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली.