रिपोर्टनंतरचं बोलणं

इसबावर चिकटलेली पट्टी ओढून काढताना जीव कसा कळवळतो, हे भोगलेल्यालाच ठाऊक. इंग्लंडमधल्या एका कॅथलिक आश्रमात वाढणाऱ्या मुलीची पट्टी मात्र तिथली एक नन अशी हसवत हसवत सोडवायची की ती कधी निघाली हेच कळायचं नाही. ही सिस्टर नर्सही आहे, हे समजलं तेव्हा मुलीनं ठरवून टाकलं, आपण नर्सच व्हायचं.

ती मुलगी एलिझाबेथ अनिऑन्वू. जन्म १९४७, बर्मिंगहॅमचा. आई आयरिश वंशाची, वडील नायजेरियन, दोघंही केंब्रिजचे विद्यार्थी. सोळाव्या वर्षी शाळेतल्या नर्सच्या हाताखाली नोकरी, मग लंडनमध्ये प्रशिक्षण, पुढे घरोघरी जाणारी हेल्थ व्हिजिटर. या घरभेटींतूनच त्यांच्या संशोधनाला विषय मिळाला.

लंडनच्या ब्रेंट भागात आफ्रिकन आणि कॅरिबियन कुटुंबं पुष्कळ. त्यांतल्या काही मुलांना सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं, तेवढ्यानं तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडांतून असह्य कळा येतात. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं. तरी पुढची तीस वर्षं आईबापांना याबद्दल धड कुणी सांगत नव्हतं. ते नर्सला विचारायचे आणि नर्सलाही ते कुणी शिकवलेलं नसायचं. ही उणीव अनिऑन्वूंना स्वतःचीच वाटली, याचं मला फार मोल वाटतं. ब्रिटनमध्ये तसा अभ्यासक्रम नव्हता, म्हणून त्या अमेरिकेत जाऊन समुपदेशन शिकल्या. १९७९ मध्ये रक्तविकारतज्ज्ञ डॉ. मिलिका ब्रोझोविच यांच्यासोबत त्यांनी ब्रेंटमध्ये सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी देशातलं पहिलं समुपदेशन केंद्र उभं केलं. पीएचडीही याच कामावर केली, १९८८ मध्ये. पुढे त्या लंडनच्या बाल आरोग्य संस्थेत शिकवू लागल्या, नंतर नर्सिंगच्या प्राध्यापक झाल्या.

आज इंग्लंडमध्ये नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन सिकलसेलची तपासणी होते. मे २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात सोन्याचा राजगोल घेऊन चालण्याचा मान अनिऑन्वूंना मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकलसेलवरच्या क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राच्या उपचाराला जगातली पहिली मान्यता ब्रिटननं दिली.

आणि त्याच वर्षी आपल्याकडे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली: चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार काही नवा नाही. ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, ही अक्षरं तिथल्या कुटुंबांच्या तोंडी बसली आहेत. पण अक्षरं पाठ होणं वेगळं, उमगणं वेगळं. बोटातून रक्त घेऊन कार्ड हाती देणं मिनिटांचं काम. वेळ जातो तो त्यानंतर, आई जेव्हा विचारते, ‘‘आमच्या घरात तं कोणालेच नाही, मंग माझ्या पोरीलेच कसं झालं?’’

अशा वेळी खिशातली दोन नाणी पुरतात. एक आईचं, एक बापाचं. छाप म्हणजे चांगलं जनुक, काटा म्हणजे सिकलचं. दोघंही वाहक, म्हणून दोघांच्याही नाण्याला दोन्ही बाजू आहेत. दोघं ठणठणीत, कारण काट्याच्या जोडीला छाप आहे. आता नाणी उडवा. एक छाप, एक काटा पडला तर मूल आईबापासारखं वाहक. दोन्ही छाप पडले तर तेही नाही. दोन्ही काटे पडले की एसएस. चारात एक शक्यता. इथंच लोक हमखास चुकतात: चारांतलं एक आजारी निघालं, म्हणजे आता पुढची तीन सुटली. तसं नाही. दुसऱ्या खेपेला दोन्ही नाणी पुन्हा उचलायची आणि पुन्हा उडवायची. पहिल्या खेपेला काय पडलं होतं, हे नाण्यांना आठवत नाही.