वैद्यकीय प्रतिमांचे मूल्यमापन आणि प्रतिमान-निरीक्षक : संकल्पना व उपयोजन

प्रस्तावना :
क्ष-किरण, सी.टी. स्कॅन, मॅमोग्राफी अशा तंत्रांनी मिळणारी प्रतिमा चांगली केव्हा म्हणावी, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. प्रतिमा स्वच्छ, रेखीव दिसली की ती चांगली, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु रुग्णाच्या दृष्टीने प्रतिमेचे मोल तिच्या देखणेपणात नसून तिच्यातून योग्य निदान होण्यात आहे. म्हणून प्रतिमेचा दर्जा विशिष्ट कार्याच्या संदर्भातच मोजला पाहिजे, ही भूमिका या क्षेत्रात मान्य झाली आहे. या मोजमापासाठी जी गणिती साधने वापरली जातात त्यांना प्रतिमान-निरीक्षक किंवा ‘मॉडेल ऑब्झर्व्हर’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे स्वरूप, तिचे उपयोग व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी :
दुसऱ्या महायुद्धानंतर रडारच्या संकेतांचा अभ्यास करताना संकेत-शोधन सिद्धान्त विकसित झाला. १९४८ मध्ये अल्बर्ट रोझ यांनी प्रतिमेतील वस्तू डोळ्यांना ओळखू येण्यासाठी संकेत आणि नॉइज यांचे गुणोत्तर सुमारे ५ असावे लागते, असे मांडले. नॉइज म्हणजे प्रतिमेतील यादृच्छिक चढउतार होत. निरीक्षकाची क्षमता आर.ओ.सी. वक्राखालील क्षेत्रफळाने दाखविली जाते. हे मूल्य ०.५ असल्यास निर्णय नाणेफेकीइतकाच विश्वसनीय असतो, तर १ असल्यास तो पूर्णतः अचूक असतो.

प्रमुख प्रकार :
१) आदर्श निरीक्षक : हा प्रतिमेतील सर्व सांख्यिकीय माहितीचा पूर्ण वापर करतो. गाठ असताना आणि नसताना तीच प्रतिमा मिळण्याच्या शक्यतांचे गुणोत्तर काढून तो निर्णय देतो. कोणताही निरीक्षक याच्या पुढे जाऊ शकत नाही.
२) हॉटेलिंग निरीक्षक : हा सर्वोत्तम एकघाती निरीक्षक होय. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या सांख्यिकीय कसोटीशी त्याचे नाते आहे. त्याची क्षमता ज्या राशीने मोजतात ती म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले ‘सामान्यीकृत अंतर’च होय. भारतीय सांख्यिकीची ही देणगी आज प्रतिमाविज्ञानाच्या पायाशी आहे.
३) वाहिनीयुक्त हॉटेलिंग निरीक्षक : ५१२ × ५१२ बिंदूंच्या प्रतिमेत २,६२,१४४ बिंदू असतात व त्यांच्या सहविचरण सारणीत सुमारे ६,८७२ कोटी घटक येतात. एवढी सारणी हाताळणे व्यवहारात अशक्यप्राय ठरते. १९८७ मध्ये काइल मायर्स व हॅरिसन बॅरेट यांनी मानवी दृष्टीप्रमाणे प्रतिमा मोजक्या वाहिन्यांतून गाळून घेण्याची पद्धत सुचविली. दहा वाहिन्या घेतल्यास सारणीत केवळ १०० घटक उरतात आणि निकालही मानवी निरीक्षकाच्या अधिक जवळ येतो.

वैद्यकीय क्षेत्रातील उपयोग :
सी.टी. स्कॅनमध्ये किरणांची मात्रा निम्मी केल्यास नॉइज सुमारे १.४१ पट वाढतो. मात्रा वाढविली तर रुग्णाला अनावश्यक किरणे सोसावी लागतात. घटविली तर लहान गाठ नजरेतून सुटू शकते. ही सीमारेषा ठरविण्यासाठी प्रत्येक वेळी अनेक रेडिओलॉजिस्टना शेकडो प्रतिमा तपासायला लावणे खर्चिक व वेळखाऊ असते. तेथे प्रतिमान-निरीक्षक प्राथमिक चाळणीचे काम करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये २,९८६ संगणकनिर्मित रुग्णांवर डिजिटल मॅमोग्राफी व टोमोसिंथेसिस यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात प्रतिमा वाचण्याचे काम अशाच निरीक्षकांनी केले आणि निष्कर्ष प्रत्यक्ष रुग्णांवरील चाचणीशी सुसंगत आढळले.

अध्ययनविषयक संशोधन :
मानवी क्षमतेची आदर्श निरीक्षकाशी तुलना करून कार्यक्षमता काढता येते. गोल्ड, बेनेट व सेक्युलर यांनी १९९९ मध्ये या पद्धतीने सरावाचा परिणाम तपासला. सरावामुळे मेंदूतील अंतर्गत नॉइज कमी होत नाही, तर संकेताचा वापर अधिक कार्यक्षम होतो, असे त्यांना आढळले. नवशिक्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

यंत्र-अध्ययनातही या संकल्पनेचे महत्त्व वाढले आहे. न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने नॉइज पुसून प्रतिमा नितळ करता येते. मात्र प्रतिमेवर नंतर केलेली कोणतीही प्रक्रिया आदर्श निरीक्षकासाठी नवी माहिती निर्माण करीत नाही; उलट असलेली माहिती गमावली जाऊ शकते. सरासरी त्रुटी घटूनही बारीक गाठ ओळखण्याची क्षमता घटल्याचे अशा अभ्यासांत दिसले आहे. देखणी प्रतिमा दिशाभूल करू शकते, ती येथे.

अभियांत्रिकीतील उपयोग :
गॅमा कॅमेऱ्याच्या कॉलिमेटरची छिद्रे रुंद केल्यास अधिक किरण शोधकापर्यंत पोहोचतात, पण प्रतिमेचा रेखीवपणा घटतो. या परस्परविरोधी गुणांचा मेळ नेमका कोठे घालावा, हे शोधन-क्षमता मोजून ठरविता येते. त्यामुळे यंत्र प्रत्यक्ष तयार करण्यापूर्वीच अनेक रचनांची संगणकावर तुलना शक्य होते.

मर्यादा :
बहुतेक प्रतिमानांत गाठीचा आकार व जागा आधीच ठाऊक असल्याचे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात डॉक्टर संपूर्ण प्रतिमेत शोध घेतो, रुग्णाचा पूर्वेतिहास जाणतो आणि जुन्या प्रतिमांशी तुलना करतो. शिवाय पुरेशा प्रतिमा नसल्यास सहविचरणाचे अनुमान अविश्वसनीय ठरते. प्रतिमानाची क्षमता मानवी पातळीवर आणण्यासाठी त्यात अंतर्गत नॉइज मिसळावा लागतो. त्याचे प्रमाण मानवी निरीक्षकांच्या प्रयोगांवरूनच ठरविले जाते.

समारोप :
तात्पर्य, प्रतिमान-निरीक्षक हा डॉक्टरचा पर्याय नसून प्रतिमा व यंत्रे पारखण्याची कसोटी आहे. सांख्यिकी, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, संगणकशास्त्र व वैद्यक या पाच विषयांचा येथे संगम होतो. म्हणूनच महाविद्यालयीन स्तरावर आंतरविद्याशाखीय प्रकल्पांसाठी हा विषय उपयुक्त आहे. संगणकावर कृत्रिम प्रतिमा तयार करून, त्यांवर विद्यार्थ्यांची व प्रतिमानाची क्षमता ताडून पाहणे, हा प्रयोग महागड्या यंत्रांविना आणि रुग्णाला कोणतीही तोशीस न देता करता येण्याजोगा आहे.