कंट्रोलर बिघडला, की केवळ जोडणी तुटली?

चतुर्थीच्या सुट्टीत घर भरलेले असते. आरती आटोपून जेवणे झाली की मुले आतल्या खोलीत संगणकापुढे गोळा होतात आणि नेमका त्याच वेळी बिनतारी गेम कंट्रोलर रुसून बसतो. त्यावरचा दिवा लुकलुकत राहतो. संगणक मात्र दाद देत नाही. थोडी खटपट होते, सेल बदलले जातात आणि अखेर ‘हा गेला, आता नवाच घ्यावा लागेल’ असा निकाल दिला जातो. नव्या कंट्रोलरसाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. वस्तुतः अशा प्रसंगी उपकरण पुष्कळदा धडधाकट असते. तुटलेला असतो तो दोन यंत्रांमधील संवाद. तो कोठे तुटला हे क्रमाने शोधले, तर बराच खर्च आणि मनस्ताप टळू शकतो.

पहिली कसोटी केबलची

वैद्य जसा नाडी पाहून आरंभ करतो, तसा येथे आरंभ केबलपासून करावा. कंट्रोलर यूएसबी केबलने संगणकाला जोडून पाहावा. केबलने तो व्यवस्थित चालला, तर त्यातील बटणे, कांड्या आणि मुख्य परिपथ शाबूत आहेत असे समजावे. दोष बिनतारी भागात शोधायचा. केबलनेही चालला नाही, तर मात्र दोष संगणकातील ड्रायव्हरमध्ये, यूएसबीच्या खाचेत किंवा खुद्द कंट्रोलरमध्ये असू शकतो.

येथे एक फसगत संभवते. बाजारात मिळणाऱ्या अनेक केबल केवळ चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज वाहते, पण माहिती वाहून नेणाऱ्या तारा त्यांत नसतात. अशा केबलने कंट्रोलर चार्ज होईल, संगणकाला मात्र त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणून जिच्यातून मोबाइलमधील छायाचित्रे संगणकावर उतरवता येतात, अशीच केबल कसोटीसाठी घ्यावी.

बॅटरीची तपासणीही याच टप्प्यावर उरकावी. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये सामान्यतः दोन एए सेल लागतात. सेल उतरत आले की दिवा लागतो, पण संपर्क टिकत नाही. त्याचप्रमाणे सुमारे १५ मिनिटे हात न लावल्यास हा कंट्रोलर वीज वाचवण्यासाठी आपोआप बंद होतो. तो बिघाड नव्हे.

जोडणी म्हणजे नेमके काय?

ब्लूटूथची जोडणी ही दोन उपकरणांमधील एक प्रकारची सोयरीक असते. पहिल्या भेटीत दोघे एकमेकांची ओळख पटवून घेतात, गुप्त किल्ल्यांची देवाणघेवाण करतात आणि त्या आपापल्या स्मरणात जपून ठेवतात. पुढच्या वेळी त्याच किल्ल्यांच्या आधारे ती ओळख न विचारता एकमेकांशी जोडली जातात.

अडचण होते ती एका बाजूला विसर पडला म्हणजे. कंट्रोलर मध्यंतरी मोबाइलला किंवा दुसऱ्या संगणकाला जोडला गेला, तर त्याच्या स्मरणातील जुनी किल्ली पुसली जाऊ शकते. संगणकाच्या यादीत मात्र त्याचे नाव तसेच राहते. मग यादीत नाव दिसते, पण जोडणी होत नाही. अशा वेळी पुनःपुन्हा ‘कनेक्ट’ दाबण्यात अर्थ नसतो. विंडोजच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन ते नाव पूर्णपणे काढून टाकावे, संगणक रिस्टार्ट करावा आणि जोडणी नव्याने करावी.

संगणक ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू केला तर चालणार नाही का, असा प्रश्न येथे पडेल. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल, तर शट डाउन करताना प्रणालीच्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते व पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहू शकतो. ‘रिस्टार्ट’मध्ये सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून या कामी रिस्टार्टच उपयोगी.

नवी जोडणी करण्यासाठी कंट्रोलरला शोध देण्याच्या स्थितीत आणावे लागते, आणि त्याची रीत प्रत्येक जातीची वेगळी आहे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर वरच्या कडेला, यूएसबी खाचेजवळ एक लहान बटण असते. ते सुमारे तीन सेकंद दाबून धरले की मधला दिवा जलद लुकलुकू लागतो. प्लेस्टेशनच्या ड्युअलसेन्सवर ‘क्रिएट’ व ‘पीएस’ ही बटणे, तर जुन्या ड्युअलशॉक ४ वर ‘शेअर’ व ‘पीएस’ ही बटणे एकत्र दाबून धरावी लागतात. केवळ ‘पीएस’ बटण दाबल्यास कंट्रोलर आपल्या जुन्या यजमानाला शोधतो आणि कधी दिवाणखान्यातील प्लेस्टेशनच सुरू होते. प्लेस्टेशनचा कंट्रोलर हट्ट सोडत नसेल, तर त्याच्या मागच्या बाजूच्या बारीक छिद्रात टाचणी घालून आतले बटण काही सेकंद दाबावे. त्याने जुन्या जोडण्या पुसल्या जातात.

कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ आहे ना?

पुष्कळांचा वेळ वाया जातो तो येथे. बिनतारी म्हणजे ब्लूटूथच, असे समीकरण नाही. २०१३ साली एक्सबॉक्स वनबरोबर आलेल्या मूळ कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नव्हते. मायक्रोसॉफ्टची स्वतंत्र बिनतारी पद्धत तो वापरतो. ब्लूटूथची सोय २०१६ मध्ये एक्सबॉक्स वन एसच्या कंट्रोलरपासून आली. जुना हात दोन-चार हजारांत विकत घेणाऱ्याने ही खूण लक्षात ठेवावी: मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचे प्लास्टिक वरच्या खांदेबटणांशी एकसंध असेल, तर त्यात ब्लूटूथ नाही, ते कंट्रोलरच्या दर्शनी भागाशी एकसंध असेल, तर आहे. ब्लूटूथ नसलेल्या कंट्रोलरला मायक्रोसॉफ्टचा वेगळा यूएसबी अडॅप्टर किंवा केबल, हे दोनच मार्ग उरतात.

हवेतील गर्दी

जोडणी होते, पण खेळ रंगात आला की तुटते; बटण दाबल्यावर पात्र क्षणभर उशिराने उडी मारते. ही लक्षणे बहुधा रेडिओलहरींच्या गोंगाटाची असतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारतात २००५ साली परवानामुक्त झाला. मुक्त असल्यामुळेच तेथे दाटी आहे. वायफाय, बिनतारी माउस व कीबोर्ड तेथेच बोलतात आणि मायक्रोवेव्ह भट्टीही तेथेच गुणगुणते. या गर्दीतून वाट काढण्यासाठी पारंपरिक ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारते, आणि २००३ च्या आवृत्तीपासून गजबजलेल्या वाहिन्या टाळण्याचे शहाणपणही त्याला आले. तरीही गोंगाट फार झाला, तर संवाद तुटतोच.

या गोंगाटाचा एक उगम अगदी जवळ असतो. यूएसबी ३.० च्या खाचा, केबल आणि त्यांना जोडलेल्या बाह्य हार्ड डिस्क याच पट्ट्यात विद्युत गोंगाट पसरवतात, हे इंटेलने २०१२ मध्ये एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले होते. ब्लूटूथचा इवलासा डोंगल अशा निळ्या खाचेत, हार्ड डिस्कच्या शेजारी बसवला असेल, तर कानाशी ढोल वाजत असताना कुजबूज ऐकण्यासारखी त्याची अवस्था होते. उपाय स्वस्त आहे. साध्या यूएसबी वाढीव केबलने डोंगल मेजावर, कंट्रोलरच्या समोर आणावा.

डेस्कटॉप संगणकात आणखी एक गोष्ट हमखास निसटते. ज्या मदरबोर्डवर वायफाय व ब्लूटूथ अंगभूत असते, त्यांच्या खोक्यात बहुधा वेगळा अँटेना दिलेला असतो. तो मागच्या बाजूला फिरवून बसवायचा असतो. ‘इंटरनेट तर वायरने येते’ म्हणून तो खोक्यातच पडून राहतो. मग धातूच्या पेटीआडून ब्लूटूथचा आवाज हातभर अंतरावरही पोहोचत नाही. मनुष्याच्या शरीरातील पाणीही या लहरी शोषते. त्यामुळे संगणक आणि कंट्रोलर यांच्यामध्ये कोणी बसले तरी फरक पडतो. घरातील वायफाय ५ गिगाहर्ट्झवर चालवता येत असेल, तर तेवढी दाटी कमी होते.

जोडला, पण खेळात चालत नाही

काही वेळा विंडोज ‘जोडले’ असे सांगते आणि खेळ मात्र ढिम्म राहतो. येथे दोष भाषेचा असतो. विंडोजवरील बहुतेक नवे खेळ ‘एक्सइनपुट’ ही एक्सबॉक्सची बोली समजतात. प्लेस्टेशनचा कंट्रोलर ती बोलत नाही. त्याला दुभाषा लागतो. स्टीममध्ये असा दुभाषा अंगभूत आहे, तो सेटिंगमधून चालू करावा लागतो. मात्र दुभाषे दोन नकोत. स्टीमबरोबर तेच काम करणारे दुसरे सॉफ्टवेअर चालू असेल, तर एकाच दाबाचे दोन आदेश जातात आणि यादीतील निवड दोन-दोन घरे उडी मारते.

दोष खेळाचा की जोडणीचा, हे ठरवण्यासाठी विंडोजच्या शोधपेटीत ‘जॉय डॉट सीपीएल’ ही आज्ञा रोमन लिपीत टंकित करावी. उघडणाऱ्या चौकटीत कंट्रोलर निवडून त्याच्या गुणधर्मांत गेल्यास दाबलेले प्रत्येक बटण उजळताना दिसते. तेथे ते दिसत असेल, तर जोडणी ठीक आहे. सुधारणा खेळाच्या सेटिंगमध्ये करायची.

उरतात दोन कामे. पहिले, कंट्रोलरचे फर्मवेअर अद्ययावत करणे. एक्सबॉक्स व प्लेस्टेशन या दोहोंसाठी निर्मात्यांची विंडोजवरील सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि हे काम केबल जोडूनच करावे. दुसरे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या वीज व्यवस्थापनाखाली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची संगणकाला दिलेली मुभा काढून घेणे. लॅपटॉपवर थोड्या थोड्या वेळाने तुटणारी जोडणी पुष्कळदा एवढ्यानेच सुधारते.

एका वेळी एकच बदल

या सर्व खटाटोपात पाळायचा नियम एकच: एका वेळी एकच बदल करावा आणि लगेच पडताळावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष गेला तरी कशाने गेला हे कळत नाही व पुन्हा उद्भवल्यास शोध मुळापासून करावा लागतो. शक्य असल्यास कंट्रोलर शेजारच्या दुसऱ्या संगणकाला किंवा मोबाइलला जोडून पाहावा. तेथेही तो बिनतारी चालला नाही, तरच त्याचा रेडिओ भाग निकामी झाला असे मानण्यास आधार मिळतो. आणि तेव्हाही, केबलने चालणारा कंट्रोलर भंगारात काढण्याचे कारण नाही.

कंट्रोलर हे सर्वांच्याच लेखी खेळणे नसते. हातांची हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या अडॅप्टिव्ह कंट्रोलरला पायाने, कोपराने वा हनुवटीने दाबायची बटणे जोडता येतात आणि तोही याच बिनतारी वाटेने संगणकाशी बोलू शकतो. त्याची जोडणी तुटली म्हणजे एखाद्याचा मित्रांबरोबरचा संध्याकाळचा वेळ तुटतो. म्हणून ‘गेला’ असे म्हणण्यापूर्वी केबल, सेल, जुनी नोंद, अँटेना आणि खेळाचे सेटिंग ही पाच ठिकाणे एकवार पाहून घ्यावीत.