घड्याळाची पाठ उघडताना

अब्बांचं एच.एम.टी.चं चावीचं घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा ते बंद होतं. आमच्या चौकातल्या घड्याळजींच्या दुकानात तोवर मोबाईलची कव्हरं लटकू लागली होती. मग मीच स्वयंपाकघरातली सुरी घेऊन बसलो. सुरी सटकली, अंगठ्याला लागली आणि घड्याळाच्या पाठीवर ओरखडा उठला. अंगठा भरून आला, ओरखडा अजून आहे.

एच.एम.टी.ची घड्याळं १९६१ साली बंगळुरूला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं सुरू झाली. केंद्र सरकारनं २०१६ साली ही घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे आता आतलं काही मोडलं तर जुन्यातूनच भाग शोधायचे. म्हणून हत्यार विचारानं घ्यावं.

आधी मागचं झाकण भिंगातून नीट पाहा. चार कोपऱ्यांत बारीक स्क्रू दिसले तर काम सोपं. फक्त स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेच्या रुंदीइतकं हवं. अरुंद पातं खाच खराब करतं.

स्क्रू नाहीत, खाचा नाहीत, कड गुळगुळीत आहे, पण एके ठिकाणी नखाएवढी फट आहे, तर झाकण डब्यासारखं दाबून बसवलेलं. अब्बांचं तसंच होतं. त्यासाठी घड्याळजींचा वेगळा चाकू मिळतो. पातं आखूड, मजबूत, टोकाला पाचरीसारखं निमुळतं, पण भाजी चिरण्याइतकी धार नसलेलं. मूठ तळहातात भरेल अशी घ्या. पेन्सिलीसारखी बारीक मूठ हमखास सटकते. पातं फटीत टेकवायचं आणि मनगटानं हलकेच पिळायचं. आत खुपसायचं नाही, कारण झाकणाखाली लगेच तोलचक्र आणि केसासारखी स्प्रिंग असते. भोवतीच्या धातूवर आधी चिकटपट्टी लावावी. दुसऱ्या हाताचा अंगठा पात्याच्या वाटेत नको, हे मी सांगायला हवंच!

तिसरं झाकण आट्यांचं. त्याच्या कडेला खाचा असतात. रोलेक्सनं १९२६ साली 'ऑयस्टर' घड्याळात मागचं झाकण, काचेभोवतीची कडी आणि चावी आट्यांनी घट्ट केली, ती पाण्यासाठी. असं झाकण फार आवळलेलं नसेल तर मऊ रबरी चेंडूनं उघडतं. चेंडू दाबून धरायचा आणि उलटा फिरवायचा. ओरखड्याची भीती नाही, म्हणून पहिला प्रयत्न चेंडूनंच करावा. नाहीच हललं तर पाना. दोन पायांचा पाना स्वस्त, पण घसरतो. तीन पायांचा घ्या, पाय खाचांत नेमके बसतील असे जुळवा. घड्याळ हातात न धरता छोट्या पकडीत बसवा.

काही घड्याळांना मागून झाकणच नसतं, ती काचेकडून उघडतात. आणि फार जुन्या घड्याळाचे अंक अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील तर ते घरी उघडूच नका. तो रंग खऱ्या रेडियमचा असू शकतो आणि त्याची भुकटी श्वासातून जाणं वाईट.

उघडणं जमलं तरी बंद करणं राहतंच. दाबायच्या झाकणाला पुष्कळदा छोटा प्रेस लागतो. टेबलावर काच टेकवून अंगठ्यांनी जोर लावला की काच जाते. झाकणाखालची रबरी कडी जागेवर बसवा, तरीही पाण्याची चाचणी करून घेईपर्यंत ते घड्याळ घालून पोहू नका.

अब्बांचं झाकण शेवटी त्या चाकूनं उघडलं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेले आकडे होते. दुरुस्ती केली की घड्याळजी अशी खूण ठेवतात. तीन तारखा होत्या. मधली मार्च १९९१ ची. त्याच महिन्यात माझी बी.ए.ची परीक्षा होती, आणि अब्बांनी हे घड्याळ साफ करवून माझ्या मनगटावर बांधलं होतं. मी ते पार विसरलो होतो.