हिंगोलीत सावली हरवते तेव्हा

मे महिन्याच्या १९ तारखेच्या आसपास हिंगोलीत ओळंबा लावून अंगणात एक पाईप सरळ उभा करा. सव्वाबारा वाजून दोन-तीन मिनिटं झाली, की त्याची सावली बुडाखाली गडप होते. हिंगोलीचा अक्षांश सुमारे १९.७ अंश उत्तर, आणि त्या दिवशी सूर्य तेवढाच उत्तरेकडे आलेला असतो. जुलैच्या २४ तारखेच्या सुमारास पुन्हा हाच योग येतो, पण तेव्हा आभाळानं ऊन दिलं तर!

प्रकाश सरळ जातो, म्हणून सावली पडते. मग पत्र्याच्या सावलीची कड भुरकट का? कारण सूर्य म्हणजे ठिपका नव्हे. आकाशात अर्धा अंश रुंद तबकडी आहे ती. कडेपाशी तिचा थोडाच भाग झाकला जातो. तीन मीटर उंच पत्र्याच्या सावलीला जवळपास तीन सेंटिमीटरची भुरकट किनार येते. जमिनीवरच्या विटेची सावली मात्र सुरीनं कापल्यासारखी. लिंबाखाली पडणारे गोल कवडसेही सूर्याचीच चित्रं, पानांमधली फट कशीही वेडीवाकडी असो.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्रानं तिला मंजुरी दिली. तिच्या दोन्ही भुजा ४ किलोमीटर लांब, आत लेसर. गंमत अशी, की तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाई जमिनीला सव्वा मीटर खाली नेते. गवंड्याची पाण्याची नळी त्या गोलाईबरोबर वळेल, लेसर वळणार नाही.